बसक्या आवाजाची मोटर

माझा आवाज मुळातच चिरका. माहेरी शेताच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारली की पलीकडच्या धुऱ्यावरचे गडी माना वर करायचे. लग्न होऊन आले ती हिंगणघाटात, जिनात काम करणाऱ्या माणसाच्या घरात. कापसातून सरकी वेगळी काढतात तो कारखाना म्हणजे जिन. तिथल्या यंत्रांचा कल्ला असा, की शेजारचा माणूस बोंबलला तरी पत्ता लागायचा नाही. त्यामुळे जिनातली माणसं घरी आल्यावरही ओरडूनच बोलायची आणि त्यांच्या बायकाही तशाच. आमच्या आळीत भांडण चाललंय की भाजीत मीठ किती टाकू हे विचारणं चाललंय, परक्याला कळायचं नाही. मला ते घर पहिल्या दिवसापासून मानवलं.

आमचे हे लहान वयातच जिनात लागले होते. तिथे एकमेकांचे ओठ बघून बोलणं ओळखायची सगळ्यांनाच सवय. म्हणून यांचे कान जात होते हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. समोरून बोललं की उत्तर अगदी बरोबर. पाठीमागून बोललं की माणूस गप्प. सासूबाई म्हणायच्या, विचारात असतो माझा पोरगा. कसला विचार न कसलं काय! एकदा मी तापलेला तवा चिमट्यात धरून मागून येत होते, ‘सरका, सरका’ म्हणून घसा फोडत होते, आणि हे आपले मांडी घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेले. तवा पाठीला लागता लागता राहिला. मी समोर येऊन विचारलं, “ऐकू येत नाई का तुमाले?” त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“कोनाले सांगू नको,” म्हणाले.

न सांगण्याचं कारण मोटर. ट्रकला आम्ही मोटरच म्हणायचो. लढाई संपल्यावर लष्कराने जुन्या गाड्या विकायला काढल्या, त्यातली एक यांनी आणि माझ्या दिराने मिळून घेतली होती. जिन सोडून हे चालवायला बसले आणि दीर कापसाची कामं ठरवायचा. खेड्याखेड्यांतून कापूस भरायचा आणि हिंगणघाटच्या जिनात आणून टाकायचा, असा धंदा. जिनाची धूळ सुटली, मालक झाले, अंगाला मूठभर मांस चढलं. मोटरीवर त्यांचा जीव एवढा, की पोळ्याला लोक बैल धुतात तसे हे मोटर धुवायचे आणि मी हसले की फुरंगटायचे.

पण ही मोटर कानाने चालवायची होती. मला आधी हे पटेना. म्हटलं, डोळ्याने चालवतात, हातापायाने चालवतात, कानाचा काय संबंध? तेव्हा त्यांनी अंगणात काडीने रेघा ओढून समजावलं. इंजिनाचा वेग वेगळा, चाकांचा वेग वेगळा. गेर बदलताना दोन्ही जुळले पाहिजेत. क्लच दाबायचा, सोडायचा, इंजिनाला थोडा रेटा द्यायचा, पुन्हा दाबायचा, आणि आवाज बरोबर लागला की त्याच क्षणी दांडा ढकलायचा. आवाज चुकला की दातांवर दात घासतात आणि गेर लागतच नाही. आणि चढावर गेर लागला नाही तर? “मंग देवच वाली,” म्हणाले.

आदल्या मोसमात तेच झालं होतं. माझ्या माहेरच्या वाटेवर एक नाला आहे. उतरून जायचं आणि पलीकडे उभा चढ. भरलेली मोटर त्या चढाच्या मध्यावर आली, यांनी खालचा गेर टाकायला घेतला, आणि कर्रकर्र करून दांडा परत आला. मोटर मागे आली ती थेट नाल्यात. मागे एक बैलगाडी होती, गाडीवानाने बैल शेतात घातले म्हणून वाचला. गेरचे दात तुटले. मोटर तिथेच उभी राहिली, आणि आमचा दीर नाल्याच्या काठावर उभा राहून आपल्या सख्ख्या मोठ्या भावाला सगळ्यांदेखत बोलला.

घरी येऊन माझ्यासमोर पुन्हा बोलला. “वैनी, भाऊचं ध्यान नाई राह्यलं आता. पुढच्या मोसमात एक डाव जरी गेर असा कर्रावला, तर मी दुसरा डायवर बसवतो. सांगून ठेवतो.”

मी त्याला चार शब्द सुनावले. माझं तोंड सुटलं की दीर ओसरीवरून खाली उतरायचा, तसा उतरला. पण त्याचं चूक नव्हतं हे मलाही कळत होतं. आणि आमचे हे भिंतीला टेकून त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होते. त्यांच्या नजरेतून एकही शब्द सुटला नव्हता.

पावसाळा आला. आमच्याकडची काळी माती ओली झाली की चाक सोडत नाही, त्यामुळे मोटर दोन-अडीच महिने बसूनच असायची. हे रोज तिच्याखाली जाऊन पडायचे. पाऊस सरत आला तशी एक दिवस बाहेर येऊन म्हणाले, “सायलेन्सर उघडतो. आवाज मोठा झाला का मले समजते.”

“सायलेन्सर म्हनजे काय?” मी विचारलं.

“आवाजाचं तोंड दाबते तो डबा.”

हे ऐकून मला राहवेना. तोंड दाबणारा डबा! असा डबा मला कितीतरी माणसांसाठी हवा होता, आणि लोक म्हणतील सगळ्यात आधी माझ्याचसाठी. त्यात असतं तरी काय, हे बघायचंच म्हणून मी जेवणाचा डबा पोचवायच्या निमित्ताने मिस्त्रीच्या दुकानात गेले. तो मिस्त्री नागपूरकडचा, हिंदीत बोलायचा, आणि आपल्याला सगळं येतं अशा थाटात असायचा.

त्याने गाडीखालून तो लांबट लोखंडी डबा काढला आणि गॅसच्या ज्योतीने पोटात कापला. मी पदर नाकाला लावून पुढे वाकले. आतून काजळी अशी पडली, की चुलीचं धुराडं वर्षानुवर्षं झाडलं नाही तर पडेल तेवढी. मिस्त्रीने टक्कन जीभ वाजवली. “भाभी, इसका तो दम घुट गया था. गाड़ी चलती कैसे थी, यही ताज्जुब है.”

काजळी झाडल्यावर मी आत पाहिलं. धूर एका नळीने येत होता, पण सरळ बाहेर जायला वाटच नव्हती. आडवे पत्रे लावलेले, पत्र्यांना भोकं. धुराने पहिल्या खणात यायचं, आपटायचं, भोकांतून दुसऱ्या खणात जायचं, तिथून मागे वळून तिसऱ्या नळीत शिरायचं, आणि मग कुठे शेपटीकडून बाहेर पडायचं. आवाजाला असा गल्लीबोळांतून फिरवून दमवायचा! ज्याने हे शोधलं त्याचं मला भारी कौतुक वाटलं. मी मिस्त्रीला प्रश्नांनी भंडावून सोडलं. भोकं बारीक का? खण सारखे का नाहीत? नळी मध्ये का नाही, कडेला का?  शेवटी तो म्हणाला, कंपनीने बनाया है, कंपनी जाने.

यांनी सांगितलं, सगळे पत्रे काढ. मिस्त्रीने काढले आणि रिकामा डबा जोडून दिला.

बाप्पा रे बाप्पा! मोटर सुरू झाली तेव्हा दुकानाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, समोरच्या टांग्याचं घोडं दोन पायांवर उभं राहिलं, आणि माझ्यासारखीने कानांत बोटं घातली. मिस्त्री खूश. रस्त्यावरची माणसं खूश, कारण तमाशा फुकट. हेही हसत होते. म्हणाले, मोटर मोकळी झाली, पायाखाली जोर लागून राह्यला. तेवढं खरं होतं, दम घुटलेली गाडी आता श्वास घ्यायला लागली होती.

पण दोन दिवस पक्क्या सडकेवर चालवून आले ते तोंड पाडून. मला वाटलं, झालं काय? “आवाज लय येते,” म्हणाले, “पन फाटका येते. फडफड फडफड. त्यातून इंजिन किती पळून राह्यलं ते नाई समजत. गेर दोनदा कर्रावला.”

“काऊन पन? येवढा मोठा आवाज!”

“मले ठाऊक असतं तं सांगितलं नसतं?”

आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीर तणतणत आला. दिवेलागणीला हे सरकी आणायला मोटर घेऊन जिनाकडे गेले होते, आणि फाटकावरच्या चौकीदाराने मोटर आत घेतलीच नाही. शेपटीतून ठिणग्या उडत होत्या! आडवे पत्रे ठिणग्यांनाही अडवत होते, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जिनाच्या आवारात मागच्या मोसमातले कापसाचे ढीग, सरकी काढलेल्या रुईचे ढीग. तिथे विडी ओढायलाही बंदी, आणि आमची मोटर निघाली होती फुलबाजी पेटवून.

“शौक चढला याले!” दीर ओरडला. “म्हातारपनी आवाजाचा शौक! वैनी, याले समजव, नाईतर मोसमाची वाट नाई पाहत मी.”

मला फार राग आला, कारण खरं सांगता येत नव्हतं. याला शौक म्हणतात का रे, असं जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी चावी काढून घेतली असती. मी जीभ चावून घरात गेले आणि भांडी आपटली.

हे परत मिस्त्रीकडे. जुन्या डब्याचा पत्रा इतका कुजला होता, की पुन्हा जोड घेईना. मिस्त्रीने भंगारातून दुसऱ्या कुठल्यातरी मोठ्या लष्करी गाडीच्या सायलेन्सरचं टरफल काढलं. आमच्या डब्याच्या दुप्पट जाड. म्हणाला, हेच एक मिळालं, बसवायचं तर बसवा. मधून एक सरळ नळी घातली, तिला सगळीकडून भोकं, भोवती नुसती रिकामी जागा. ठिणग्यांसाठी शेवटी जाळी लावली. आणि चौकीदाराचं तोंड कायमचं बंद करायला नळी लांबवून थेट मागच्या चाकांच्याही पलीकडे नेली. यात कोणाची अक्कल नव्हती. जे मिळालं ते लावलं.

मी होतेच तिथे. मोटर सुरू झाली, आणि सगळ्यांचा हिरमोड झाला. फडफड नाही, कडकड नाही. धुम्म, धुम्म, धुम्म, असा बसका, जड आवाज. पायांना कळत होता, कानांना फारसा नाही. मिस्त्री म्हणाला, “आवाज तो बैठ गई.” माझाही जीव खाली बसला. आता हा माणूस काय ऐकणार?

तेवढ्यात हे आतून ओरडले, “हं! आता आलं!”

आम्ही खिडकीपाशी धावलो. यांनी इंजिनाला हलकेच रेटा दिला, सोडला, पुन्हा दिला, आणि प्रत्येक वेळी बोट वर-खाली करून दाखवलं: आता चढलं, आता उतरलं, आता पुन्हा चढलं. एकदाही चुकले नाहीत. चेहरा असा उजळला होता, की मला रडू फुटलं, आणि मिस्त्रीला वाटलं ही बाई गाडीच्या आवाजावर नाराज आहे.

घरी आल्यावर मला चैन पडेना. मोठा आवाज ऐकू येत नाही आणि लहान येतो, हे काय गौडबंगाल? मी पाठीमागून त्यांचे कान तपासायला सुरुवात केली. हे जेवायला बसले की मागून चिमटा पाडायचा. काही नाही. ताटलीवर चमचा वाजवायचा. काही नाही. पितळी वाट्या एकमेकींवर आपटल्या, शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली, पण यांचा घास काही थांबला नाही. मग मी मुसळ घेतलं आणि उखळात नुसतं एकदा आपटलं. धप्प.

“काय कुटून राह्यली?” त्यांनी मान न वळवता विचारलं.

माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी जातं फिरवलं, तर म्हणाले, दळन काढलं का? स्टेशनकडून मालगाडी गेली तेव्हा मी खुणेने विचारलं. शिट्टी ऐकूच आली नव्हती, पण गडगड ऐकू आली होती. आठवडाभर मी घरातली एकेक वस्तू वाजवत हिंडले. सासूबाईंना वाटलं, सुनेला कशाची तरी बाधा झाली. त्यांनी लिंबू उतरवून टाकलं माझ्यावरून.

शेवटी यांच्या समोर बसून मी सांगितलं. बारीक, टोकदार आवाज तुमच्या कानाला लागतच नाही. जाड, बसका आवाज लागतो. मिस्त्रीने मोठं टरफल बसवलं, त्याने आवाज जाड झाला, म्हणून जमलं.  हे म्हणाले, “जिनातली यंत्रं किंचाळत होती रातंदिवस. जो आवाज तिथं होता, तोच गेला माह्या कानातून.” आणि मी डॉक्टरणीसारखं सगळं शोधून काढलं म्हणून त्यांनी माझं कौतुक केलं. त्यांचं कौतुक म्हणजे पाठीवर एक थाप. ती बसली.

दसऱ्याला मोटरीला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. थोड्या दिवसांनी माहेरहून निरोप आला, वेचणी सुरू करतोय, सीतादहीला ये. कापसाची पहिली वेचणी करण्याआधी आमच्याकडे शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात. मी गेले, पूजा केली, पहिला कापूस आईच्या हातून ओटीत घेतला. वेचणी होऊन मोटरभर कापूस जमेपर्यंत राहिलेही. मग हे आणि दीर मोटर घेऊन आले, कापूस भरला, आणि मी त्याच मोटरीत सासरी निघाले. दीर वर कापसाच्या ढिगावर जाऊन बसला. मला जागा करून दिली असं तो म्हणाला, पण मला माहीत होतं. वरून त्याला गेर ऐकायचे होते.

वाट त्याच नाल्याची.

उतार उतरलो. पाण्यातून चाकं गेली. समोर चढ, आणि चढाच्या मध्यावर दोन बैलगाड्या, एकीमागे एक, मुंगीच्या पावलाने. यांना वेग धरता येईना. मोटर मंदावली. इंजिन गुरगुरायला लागलं, मोटरीचं अंग थरथरायला लागलं. खालचा गेर टाकायची वेळ आली होती. मी देवाचं नाव घ्यायचं सोडून यांच्या हाताकडे बघत बसले.  त्यांनी क्लच दाबला, दांडा सुटा केला, पाय उचलला. मोटर आता कशालाच धरून नव्हती. मागे नाला होता. त्यांनी इंजिनाला रेटा दिला, डोकं थोडं तिरकं केलं आणि ऐकलं. धुम्म, धुम्म, आवाज वर चढत गेला. मला तो फार वेळ वाटला. मग पुन्हा क्लच, आणि दांडा पुढे.

ना खट्ट, ना कर्र. गेर बसला.

मोटर जमिनीला नखं रोवल्यासारखी वर निघाली. गाडीवाल्यांनी बैल बाजूला घेतले. माथ्यावर आलो तशी टपावर धाडधाड थाप पडली, वरून दीर ओणवा होऊन बडवत होता. “भाऊ! बसला ना बे गेर!”

हे हसले. “ऐकलं, ऐकलं,” म्हणाले. त्याचे शब्द ऐकले नव्हते, थाप ऐकली होती.

मला बोलायचं होतं. पोटातून उसळून येत होतं सगळं. मी नेहमीसारखी ओरडले, “अहो, जमलं हो, जमलं!” त्यांचे डोळे रस्त्यावर. काही नाही. पुन्हा ओरडले, आणखी मोठ्याने, आणखी वरच्या पट्टीत. काही नाही. मोटरीत आम्ही कधी बोललोच नव्हतो. त्यांना माझ्या तोंडाकडे बघावं लागे, आणि चालवणाऱ्याने तोंडाकडे बघून कसं चालेल?  इंजिन चाललं होतं, धुम्म धुम्म, आणि ते त्यांना ऐकू येत होतं. टपावरची थाप ऐकू येत होती. घरात मुसळ ऐकू आलं, जातं ऐकू आलं.

आणि मी इतकी वर्षं या माणसाशी चिमट्याच्या आवाजात बोलत होते. ऐकू येत नाही म्हणून आणखी चिरकत होते.

मी हनुवटी छातीला टेकवली, घसा बसल्यावर निघतो तसा आवाज पोटातून काढला, आणि अगदी सावकाश म्हटलं, “भेव लागलं होतं का तुमाले?”

त्यांचे हात चाकावर घट्ट झाले. नजर रस्त्यावरच होती. माझ्याकडे वळली नाही.

“हव,” ते म्हणाले. “लय लागलं होतं.”

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पदराने पुसलं तरी थांबेना. थोडं अंतर गेल्यावर, तसंच समोर बघत, हे म्हणाले, “आनिक बोल ना काई.”

मग मी बोलायला लागले. आईने दिलेल्या लोणच्याचं सांगितलं, भावाच्या नव्या बैलाचं सांगितलं, सासूबाईंनी उतरवलेल्या लिंबाचं सांगितलं, आणि हिंगणघाट येईपर्यंत थांबले नाही.